जुना लॅपटॉप, बाहेरची डिस्क : लिनक्स चालवून पाहायला खर्च किती?

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टनं विंडोज १०चा नेहमीचा पाठिंबा थांबवला. विंडोज ११ला टीपीएम २.० ही सुरक्षा चिप लागते आणि इंटेलचा प्रोसेसर साधारण आठव्या पिढीपासूनचा लागतो. त्यामुळे २०१५ ते २०१७च्या दरम्यान घेतलेले, पडदा-कीबोर्ड ठणठणीत असलेले कितीतरी लॅपटॉप या अटीत बसत नाहीत. दुकानात विचारलं की सल्ला एकच मिळतो, नवीन घ्या. घरगुती ग्राहकांसाठी सुरक्षा अपडेटची मुदत १३ ऑक्टोबर २०२६पर्यंत वाढवून घेता येते, आणि ज्यांना विंडोज लागतंच त्यांनी ती जरूर घ्यावी. पण ती तात्पुरती सोय आहे.

चाळीस-पन्नास हजारांचा नवा लॅपटॉप घेण्याआधी एक गोष्ट करून पाहण्यासारखी आहे. आतल्या विंडोजला हात न लावता बाहेरून जोडलेल्या डिस्कवर लिनक्स बसवायचं आणि लॅपटॉप त्या डिस्कवरून सुरू करायचा. डिस्क काढली की लॅपटॉप पुन्हा जसाच्या तसा विंडोजमध्ये उघडतो. ज्या घरात एकाच लॅपटॉपवर मुलीचं कॉलेजचं प्रोग्रॅमिंग आणि वडिलांची टॅली दोन्ही चालतं, तिथं ही व्यवस्था फार सोयीची पडते. बँकेचे व्यवहार आणि इंटरनेट अद्ययावत लिनक्सवर, आणि टॅलीपुरतं विंडोज, अशी विभागणी करता येते.

याला खर्च किती येतो, याचं उत्तर तुम्ही कोणती डिस्क घेता यावर अवलंबून आहे. माझं मत आधीच सांगून टाकतो: डिस्क अशी घ्या, जी आज बाहेरून चालेल आणि उद्या लॅपटॉपच्या आतही बसेल. का, ते पुढे येईलच.

आधी फुकटची चाचणी

डिस्क विकत घेण्यापूर्वी घरातल्या एखाद्या पेनड्राइव्हवर चाचणी करा. ८ जीबीचा चालतो. त्यातलं सगळं पुसलं जाणार आहे, म्हणून आतले फोटो आधी दुसरीकडे हलवा. पेनड्राइव्ह विकतच घ्यायचा झाला तर नामांकित कंपनीचा ३२ किंवा ६४ जीबीचा चारशे ते सातशे रुपयांत मिळतो.

नवशिक्यांना मी लिनक्स मिंट सुचवतो. विंडोजची सवय असलेल्या माणसाला त्याचा मेनू, टास्कबार आणि फाइलींची खिडकी परकी वाटत नाही. मिंटची २२ ही मालिका २०२४मध्ये आली आणि तिला २०२९पर्यंत अपडेट मिळणार आहेत. ती फुकट आहे. कोणी तिचे पैसे मागत असेल तर ते फक्त मजुरीचे समजायचे. ४ जीबी रॅमवर ती बरी चालते, ८ जीबीवर आरामात.

डाउनलोड करायची फाइल सुमारे ३ जीबीची आहे. मोबाइलच्या पॅकमध्ये रोजचा दीड-दोन जीबी डेटा असेल तर तो मध्येच संपतो आणि उरलेली फाइल मुंगीच्या पावलांनी उतरते. त्यापेक्षा ज्यांच्याकडे फायबर आहे अशा कोणाकडे जाऊन ती उतरवून घ्या. विंडोजवर रूफस नावाचा छोटा, मोफत प्रोग्रॅम मिळतो. त्यात पेनड्राइव्ह निवडायचा, उतरवलेली फाइल निवडायची आणि स्टार्ट म्हणायचं. दहा-पंधरा मिनिटांत पेनड्राइव्ह तयार होतो.

आता लॅपटॉप त्यावरून सुरू करायचा. सुरू करताना लगेच एक ठरावीक कळ दाबत राहायची असते: डेल, लेनोव्होवर बहुधा एफ१२, एचपीवर एस्केप आणि मग एफ९, असूसवर एस्केप. एसरवरही एफ१२च, पण पुष्कळदा तो पर्याय आधी बायोसमध्ये, म्हणजे लॅपटॉपच्या मूळ सेटिंग्जमध्ये, जाऊन चालू करावा लागतो. कळ सापडत नसेल तर विंडोजमध्ये शिफ्ट दाबून धरून रीस्टार्टवर क्लिक करा. निळ्या पडद्यावर 'यूझ अ डिव्हाइस' असा पर्याय येतो, त्यात पेनड्राइव्ह दिसतो.

पेनड्राइव्हवरून मिंट उघडलं की तासभर ते नीट वापरा. वायफाय लागतं का, आवाज येतो का, टचपॅडवर दोन बोटांनी पान सरकतं का, पडद्याचा उजेड कमी-जास्त होतो का, कॅमेरा चालतो का, झाकण मिटून उघडल्यावर लॅपटॉप जागा होतो का, घरचा प्रिंटर सापडतो का, हे सगळं पाहा. 'इन्स्टॉल'वर क्लिक करत नाही तोवर आतल्या डिस्कवर आपोआप काहीही लिहिलं जात नाही. जुन्या लॅपटॉपांत बहुधा अडतं ते वायफायपाशी. तसं झालं तर फोन केबलनं जोडून त्याचं इंटरनेट वापरा आणि मिंटमधलं 'ड्रायव्हर मॅनेजर' उघडून पाहा. पुष्कळदा हवा तो ड्रायव्हर तिथं मिळतो. तरीही चालत नसेल तर लिनक्सला चालणारा छोटा यूएसबी वायफाय अडॅप्टर घ्यावा लागेल. तो पाचशे-सातशेचा खर्च आत्ताच हिशेबात धरा.

डिस्क कोणती घ्यायची

चाचणी जमली की पुष्कळ जण त्याच पेनड्राइव्हवर, नाहीतर मोठा पेनड्राइव्ह घेऊन त्यावर कायमचं लिनक्स बसवतात. तसं करू नका. ऑपरेटिंग सिस्टीम सतत छोट्या-छोट्या फाइली लिहीत आणि वाचत असते. पेनड्राइव्हची चिप एक मोठा सिनेमा उतरवायला ठीक असते, पण अशा हजारो बारीक नोंदींपुढे ती गुडघे टेकते. ब्राउझर उघडायला अर्धा मिनिट, अपडेटला तासभर, आणि काही महिन्यांत पेनड्राइव्ह निकामी. मग माणूस लिनक्सच वाईट म्हणून सोडून देतो. हजार-बाराशेचा १२८ जीबीचा पेनड्राइव्ह हा या सगळ्या प्रकरणातला सर्वांत वाया जाणारा खर्च आहे.

एसएसडी घ्या. २०२५च्या अखेरीपासून मेमरी चिपांचे भाव चढले आहेत आणि ते आठवड्या-आठवड्याला हलतात, म्हणून पुढचे आकडे अंदाजाचे धरा आणि खरेदीच्या दिवशी दोन-तीन ठिकाणी विचारा.

सर्वांत स्वस्त मार्ग घरातच असू शकतो. बंद पडलेल्या एखाद्या लॅपटॉपमधली अडीच इंची साटा एसएसडी काढून घ्या. तिला यूएसबी ३.०ची साटा केबल जोडली की काम झालं. ही केबल तीनशे ते सहाशे रुपयांत मिळते. विंडोजवर क्रिस्टलडिस्कइन्फो हा मोफत प्रोग्रॅम चालवून डिस्कची तब्येत पाहून घ्या. तो 'गुड' म्हणत असेल तर बिनधास्त वापरा.

नवी घ्यायची तर २४० किंवा २५६ जीबीची अडीच इंची साटा एसएसडी साधारण दोन ते साडेतीन हजारांत पडते. वर केबल धरली तरी चार-साडेचार हजारांच्या आत भागतं. माझा कौल हिला आहे. २०१८पूर्वीच्या बहुतेक लॅपटॉपांत अडीच इंची साटा हार्ड डिस्कचीच जागा असते. दोन-तीन महिने बाहेरून वापरून लिनक्सवर मन बसलं, तर हीच डिस्क लॅपटॉपच्या आत स्क्रूनं बसवता येते. पुन्हा इन्स्टॉल करावं लागत नाही, केबलची लटकंती संपते, आणि आतली जुनी फिरती हार्ड डिस्क त्याच केबलनं बाहेर बॅकअपसाठी वापरता येते. तयार, बंद डबीतली पोर्टेबल एसएसडी दिसायला सुबक असते, धक्काही सोसते. पण तिची ५०० जीबी किंवा १ टीबीची किंमत सहा हजारांपासून बारा हजारांपर्यंत जाते आणि ती आत बसवता येत नाही. रोज बॅगेतून दोन ठिकाणी नेणार असाल, लॅपटॉप बदलत काम करणार असाल, तरच ती परवडते.

पातळ, नव्या बांधणीच्या लॅपटॉपांत एम.२ प्रकारची पट्टीसारखी एसएसडी असते. तिच्यासाठी वेगळी डबी मिळते, हजार ते अडीच हजारांची. या पट्ट्यांत साटा आणि एनव्हीएमई असे दोन प्रकार आहेत आणि साध्या डब्या त्यातला एकच चालवतात. डबी घेताना पट्टी सोबत न्या आणि दुकानातच जोडून पाहा.

फिरणारी हार्ड डिस्क या कामाला घेऊ नका. ती स्वस्त असली तरी सुरू व्हायलाच दोन-दोन मिनिटं लावते.

पोर्टकडेही लक्ष हवं. आतून निळा असलेला, किंवा शेजारी 'एसएस' अक्षरं असलेला पोर्ट यूएसबी ३चा असतो. त्यावर साटा एसएसडी सेकंदाला चारशे एमबीच्या आसपास वाचते. तीच यूएसबी २च्या काळ्या पोर्टला लावली की ३५-४० एमबीवर येते, म्हणजे एसएसडीचे पैसे देऊन हार्ड डिस्कपेक्षाही कमी वेग पदरात. पोर्ट सैल असेल तर तो आधी दुरुस्त करून घ्या किंवा दुसरा वापरा. चालू कामात केबल हलली की सगळी सिस्टीम जागीच गोठते आणि फाइली खराब होण्याचा धोका असतो. केबल वीतभरच घ्या आणि डिस्क वेल्क्रोच्या पट्टीनं लॅपटॉपच्या झाकणाच्या पाठीला चिकटवा. वेल्क्रो वीस-तीस रुपयांचा येतो, आणि लॅपटॉप मांडीवर घेऊन काम करणाऱ्याला तो फार उपयोगी पडतो.

ऑनलाइन 'दोन टीबी, सातशे रुपये' असं काही दिसलं तर ते सरळ खोटं आहे. अशा डिस्कमध्ये ३२ किंवा ६४ जीबीची चिप असते आणि ती संगणकाला खोटा आकडा सांगते. भरत गेलात की मागच्या फाइली पुसल्या जातात. नवी डिस्क किंवा पेनड्राइव्ह आणल्यावर विंडोजवर एचटूटेस्टडब्ल्यू, लिनक्सवर एफथ्री चालवा. ते पूर्ण डिस्क भरून, परत वाचून खरी क्षमता सांगतात. वेळ लागतो, पण परत करण्याची मुदत संपायच्या आत हे करून घ्या. मुंबईत लॅमिंग्टन रोडला, पुण्यात तपकीर गल्लीत किंवा तुमच्या गावातल्या दुकानात घेतलीत तरी जीएसटीचं पक्कं बिल मागा आणि त्यावर डिस्कचा सीरियल नंबर लिहून घ्या. एसएसडीची वॉरंटी तीन किंवा पाच वर्षांची असते आणि ती त्या नंबरावर मिळते.

इन्स्टॉल करताना घोडं कुठं पेंड खातं

पेनड्राइव्हवरून मिंट सुरू करायचं, एसएसडी जोडायची आणि 'इन्स्टॉल'मध्ये ती एसएसडी निवडायची. वरवर एवढंच काम आहे. पण मिंटचा इन्स्टॉलर उबंटूच्या जुन्या इन्स्टॉलरवर बेतलेला आहे, आणि त्याच्यात वर्षानुवर्षांची एक खोड आहे. तुम्ही बाहेरची डिस्क निवडली तरी बूटलोडर, म्हणजे सिस्टीम सुरू करून देणारा छोटा प्रोग्रॅम, तो आतल्या डिस्कच्या ईएफआय विभागात टाकतो. काम झाल्यावर सगळं ठीक वाटतं. मग कोणीतरी बाहेरची डिस्क काढून लॅपटॉप सुरू करतं, आणि विंडोजऐवजी काळ्या पडद्यावर 'ग्रब' हा शब्द आणि लुकलुकणारा कर्सर दिसतो. घरात घबराट उडते, लॅपटॉप दुकानात जातो, आणि 'विंडोज उडालं, फॉरमॅट करावं लागेल' असं सांगणारेही भेटतात.

विंडोज उडालेलं नसतं. बायोसमध्ये जाऊन बूटच्या यादीत 'विंडोज बूट मॅनेजर' वर आणून ठेवला की ते पुन्हा उघडतं. फॉरमॅटला आणि त्याच्या पैशांना तिथंच नकार द्या.

हे होऊच नये यासाठी एक सोपा उपाय आहे. काही लॅपटॉपांच्या बायोसमध्ये आतली डिस्क तात्पुरती बंद करायची सोय असते. असेल तर तेवढं करा आणि इन्स्टॉल झाल्यावर ती पुन्हा चालू करा. नसेल तर पेनड्राइव्हवरच्या मिंटमध्ये 'जीपार्टेड' उघडा. वर उजवीकडे डिस्क निवडायची यादी असते, तिच्यात आतली डिस्क निवडा. शंभर ते पाचशे एमबीचा, फॅट३२ प्रकारचा एक लहान विभाग दिसेल आणि त्याच्यापुढे 'बूट, ईएसपी' असं लिहिलेलं असेल. कशालाही हात लावण्याआधी त्या पडद्याचा फोनवर फोटो काढा. मग त्या विभागावर उजवं क्लिक करून 'मॅनेज फ्लॅग्ज'मध्ये बूट आणि ईएसपीच्या खुणा काढा. आता इन्स्टॉलरला आतला ईएफआय विभाग दिसत नाही आणि तो बाहेरच्या डिस्कवरचा वापरतो. इन्स्टॉल संपल्यावर, पेनड्राइव्हच्याच मिंटमधून बाहेर पडण्याआधी, फोटो पाहून त्या खुणा परत लावा. त्या लावायच्या राहिल्या तर विंडोज उघडायला कुरकुर करू शकतं.

लॅपटॉप उघडून आतली डिस्क काढून ठेवणं हा सर्वांत खात्रीचा मार्ग. वॉरंटी संपलेल्या जुन्या यंत्रात तो अवघडही नसतो, पण स्क्रू-क्लिपांची सवय नसेल तर त्या वाटेला जाऊ नका.

इन्स्टॉल करताना 'सिक्युअर बूट' बंद करायला सांगणारे बरेच भेटतील. मिंट आणि उबंटू ते चालू ठेवूनच बसतात. उगाच बंद केलंत आणि आतल्या विंडोजला बिटलॉकर हे डिस्कचं कुलूप लावलेलं असेल, तर विंडोज पुढच्या वेळी ४८ अंकी रिकव्हरी की मागेल. नव्या लॅपटॉपांत मायक्रोसॉफ्ट खात्यानं लॉग-इन केलं की हे कुलूप पुष्कळदा आपोआप लागतं आणि मालकाला त्याचा पत्ताही नसतो. म्हणून बायोसला हात लावण्याआधी आपल्या मायक्रोसॉफ्ट खात्यात जाऊन ती की कागदावर उतरवून घ्या, आणि महत्त्वाच्या फाइलींची एक प्रत दुसऱ्या डिस्कवर ठेवा. या कामात सर्वांत महाग पडतात ती चुकीची डिस्क निवडल्यामुळे गेलेली दहा वर्षांची कागदपत्रं. इन्स्टॉलर डिस्कचं नाव आणि आकार दाखवतो. आकार वाचूनच पुढे जा.

बाहेरची डिस्क हरवू शकते. 'इरेज डिस्क'खालच्या 'अ‍ॅडव्हान्स्ड फीचर्स'मध्ये डिस्कला कुलूप लावायचा पर्याय असतो. तो निवडलात की सुरू करताना एक जास्तीचा पासवर्ड टाकावा लागतो, पण डिस्क रिक्षात राहिली तरी आतलं कोणाला वाचता येत नाही. पासवर्ड विसरलात तर तुम्हालाही येणार नाही, हे लक्षात ठेवा.

दुकानातून करून घ्यायचं असेल तर

हे काम करून द्यायला साधारण तीनशे ते हजार रुपये घेतले जातात. पैशांपेक्षा प्रश्न नीट विचारा: बूटलोडर बाहेरच्या डिस्कवरच जाईल ना? घेताना तिथंच तीन गोष्टी करून पाहा. डिस्क लावून लिनक्स उघडा. डिस्क काढून विंडोज उघडा. मग तीच डिस्क दुकानातल्या दुसऱ्या एखाद्या लॅपटॉपला लावून बघा. तिसरी चाचणी जमली म्हणजे डिस्क स्वतःच्या पायावर उभी आहे. 'सोबत विंडोजही ओरिजिनल टाकून देतो, पाचशे रुपये' असं कोणी म्हटलं तर ते घेऊ नका; त्या किमतीत खरा परवाना मिळत नाही. दुकानदारानं विंडोज पुसलं, डिस्क खोटी दिली आणि दाद देत नसेल, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक आहे. तक्रार मराठीतही करता येते, पण हातात बिल हवं.

ऑफिसनं दिलेल्या लॅपटॉपवर यातलं काहीही करू नका. त्यात बहुधा बायोसला पासवर्ड असतो, आणि नसला तरी परवानगीशिवाय दुसरी सिस्टीम चालवणं नोकरीच्या नियमांत बसत नाही. अ‍ॅपलच्या एम१ आणि पुढच्या मॅकवरही ही पद्धत चालत नाही.

वापरायला लागल्यावर

पहिल्याच दिवशी एक विचित्र गोष्ट दिसेल. लिनक्स वापरून परत विंडोजमध्ये गेलात की घड्याळ साडेपाच तास मागे गेलेलं असतं. लिनक्स लॅपटॉपच्या घड्याळात जागतिक वेळ ठेवतं, विंडोज स्थानिक वेळ ठेवतं, आणि आपल्याकडे दोघांत नेमका साडेपाच तासांचा फरक आहे. मिंटच्या टर्मिनलमध्ये 'टाइमडेटसीटीएल सेट-लोकल-आरटीसी १' ही एक ओळ इंग्रजीत टाकली की हा गोंधळ थांबतो. आतल्या विंडोजच्या फाइली लिनक्समधून फक्त वाचता येत असतील आणि बदलता येत नसतील, तर विंडोजमधलं 'फास्ट स्टार्टअप' बंद करा.

मराठीसाठी कीबोर्डच्या यादीत इन्स्क्रिप्ट आराखडा असतोच. रोमन अक्षरांवरून टाइप करायची सवय असेल तर आयबस हे पॅकेज घेऊन मराठी फोनेटिक निवडा. युनिकोडमधला मजकूर लिब्रेऑफिसमध्ये व्यवस्थित उमटतो. पण श्रीलिपीसारख्या जुन्या डीटीपी सॉफ्टवेअरवर ज्यांचं पोट आहे, किंवा जे टॅलीत हिशेब ठेवतात, त्यांनी त्या कामासाठी विंडोजच वापरावं. म्हणून तर आतलं विंडोज जिवंत ठेवायचं. डिजिटल सहीचं टोकन वापरणाऱ्या करसल्लागारांनीही आधी त्या टोकनचा लिनक्स ड्रायव्हर मिळतो का, ते कंपनीकडे विचारून मगच डिस्कवर पैसे घालावेत.